सायकल सहलीचा मार्ग जेवणाच्या जागेपासून आखावा

गेल्या अंकात कार्यकारिणीने यंदाच्या सायकल सहलीसाठी सुचवलेला मार्ग छापला आणि त्यावर सभासदांची मते मागवली. मार्ग असा: सकाळी हाफ मून बेहून निघायचे, हायवे १ धरून समुद्राच्या काठाने दक्षिणेला सांताक्रूझपर्यंत जायचे, अंतर साधारण ५० मैल, आणि परतीला सायकली गाड्यांवर लादून घरी आणायच्या. मते मागवली आहेत म्हणून लिहिते. मला हा मार्ग पसंत नाही. गेली पाच वर्षे मी या सहलीला येते आहे. त्यांतली पहिली तीन वर्षे मी मागून मिनीव्हॅन चालवली आणि नंतरची दोन वर्षे स्वतः सायकल चालवली. त्यामुळे दोन्ही बाजू मला माहीत आहेत असे म्हणायला हरकत नाही.

आधी या मार्गाची जमेची बाजू. ज्याने तो सुचवला त्याने वाऱ्याचा विचार केला आहे, आणि हे कौतुकास्पद आहे, कारण नकाशावर वारा दिसत नाही. आपल्या या किनाऱ्यावर वसंत ऋतूपासून उन्हाळा संपेपर्यंत वारा बहुतेक वायव्येकडून येतो आणि दुपारी त्याचा जोर वाढतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो पाठीवर मिळतो. शिवाय इथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे दक्षिणेला जाताना समुद्रही आपल्याच हाताला, मधे मोटारींची रांग नाही. रस्त्याच्या कडेची पट्टीही बऱ्याच ठिकाणी रुंद आहे. पट्टीचा सायकलपटू या वाटेने चार तासांत सांताक्रूझ गाठील आणि खूष होईल.

पण आपल्या मंडळाची सहल म्हणजे चाळीसेक माणसे. त्यांत दर शनिवारी साठ मैल मारणारे पाच-सहा जण, वर्षातून चार वेळा सायकल बाहेर काढणारे पंधरा-वीस, दहा ते पंधरा वयाची मुले, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले एक-दोन आजोबा, आणि 'मी फक्त जेवायला येते' म्हणणाऱ्या काही वहिनी. एवढ्या लोकांना एका सरळ रेघेवर सोडले की तासाभरात ती रेघ दहा मैल लांब होते. मागचा माणूस थकला तर त्याला मधेच थांबायला, वळायला किंवा आडवाटेने परत यायला जागा नाही. पुढे जाणे किंवा व्हॅनची वाट बघणे, एवढेच उरते. आणि चाळीस सायकली परत आणायच्या म्हणजे एका रॅकवर तीन-चार धरल्या तरी दहा-बारा गाड्या सांताक्रूझला आधी पोचवून ठेवायला हव्यात. त्या कोण चालवणार? गेल्या अंकातल्या मजकुरात 'वाहनांची व्यवस्था नेहमीप्रमाणे' असे छापले आहे. 'नेहमीप्रमाणे' म्हणजे कोण, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. स्त्रियांनी गाड्या चालवायच्या आणि पुरुषांनी निसर्ग बघायचा, ही व्यवस्था कुणी ठराव करून आणलेली नाही, पण ती मार्ग आखतानाच ठरून जाते. एका दिशेची सहल आखली की कुणीतरी दिवसभर गाडीत बसणार हे आलेच.

गेल्या वर्षीचा मार्ग वेगळा होता, तरी झाले तेच. पहिला गट सव्वा अकराला जेवणाच्या जागी पोचला, शेवटचा सव्वा दोनला. पहिल्या गटाने जेवून, कॉफी पिऊन, फोटो काढून परतीचा रस्ता धरला तेव्हा शेवटचा गट अजून टेकडीवर होता. त्यात दोन आई-मुलगी होत्या. मुलगी तेरा वर्षांची. ती यंदा येणार नाही असे तिच्या आईने मला सांगितले. या वयाची मुले मंडळाच्या कार्यक्रमांपासून दूर जातात म्हणून आपण दर वर्षी वार्षिक सभेत हळहळतो. सायकल सहल हा एकच कार्यक्रम असा आहे जिथे त्यांना रंगमंचावर उभे राहून पाठ केलेले मराठी म्हणावे लागत नाही. तो तरी हातचा घालवू नये.

म्हणून माझी सूचना अशी, की मार्ग सुरुवातीपासून आखू नये. जिथे सगळ्यांनी एकत्र जेवायचे ती जागा आधी ठरवावी आणि तिथून मागे, चारी दिशांना, ज्याला जसे झेपेल तसे रस्ते काढावेत. आणि आपल्या भागात यासाठी पेस्काडेरोसारखे दुसरे गाव नाही.

पेस्काडेरो समुद्रापासून दोन मैल आत आहे. एक मुख्य रस्ता, दोन-तीन दुकाने, पांढरी लाकडी घरे, भोवती आर्टिचोक, स्ट्रॉबेरी आणि ब्रसेल्स स्प्राउटची शेते. दुआर्तेचे खाणावळवजा हॉटेल १८९४ पासून तिथे आहे, आणि अर्कांजेली कुटुंबाच्या किराणा दुकानात आर्टिचोक-लसूण घातलेला गरम पाव मिळतो. डोंगर चढून आलेल्या माणसाला त्या पावाचा वास गावाच्या टोकापासून येतो असे मी म्हणणार नाही, पण दुकानाच्या दारापासून नक्की येतो. सूप शाकाहारी आहे का, हे मात्र ज्याचे त्याने विचारून घ्यावे.

या गावाचा भूगोल बघा. पश्चिमेला दोन मैल गेलात की समुद्र. हा रस्ता सपाट आहे आणि बाजूने दलदलीचे पाणथळ लागते, तिथे बगळ्यांसारखे पक्षी उभे असतात. पूर्वेला पेस्काडेरो क्रीक रोड ओढ्याच्या काठाने लोमा मारकडे जातो. पहिले काही मैल चढ जाणवतही नाही, आणि हळूहळू शेते संपून रेडवुडची झाडी सुरू होते. उत्तरेला स्टेज रोड, सात मैलांवर सॅन ग्रेगोरियो. आणि सॅन ग्रेगोरियोहून हायवे ८४ ने डोंगर ओलांडला की पलीकडे आपले वुडसाइड, पोर्टोला व्हॅली. म्हणजे आजोबांना आणि आठ वर्षांच्या नातवाला समुद्रापर्यंत जाऊन येऊन चार मैल, ज्यांना झाडी हवी त्यांना पूर्वेला हवे तेवढे जाऊन परत, मधल्या लोकांना स्टेज रोड, आणि पट्टीच्यांना अख्खा डोंगर. सगळे साडेबाराला एकाच बाकड्यावर. दोन मैलांवर थकलेला माणूस मागे वळतो आणि दोन मैलांत गावात असतो, त्याला व्हॅन लागत नाही. जेवायला येणाऱ्या वहिनी आपापल्या गाडीने थेट पेस्काडेरोला येतील. आणि मला खात्री आहे, त्यांच्यापैकी निम्म्या तरी समुद्रापर्यंतचे चार मैल करतील, कारण कुणी त्यांच्याकडे घड्याळ लावून बघत नसेल.

आता डोंगराकडून येणाऱ्यांचा मार्ग. याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण मंडळातले बरेच जण वीस-वीस वर्षे इथे राहूनही या रस्त्यांवर गेलेले नाहीत. आपण फ्रीवे २८० वरून रोज ये-जा करतो, पश्चिमेला ती हिरवी भिंत दिसते, आणि तिच्या पलीकडे काय आहे हे पाहुणे आले की हायवे ९२ ने गाडीतून दाखवतो.

पोर्टोला रोडवर एका लहानशा पुलापाशी ओल्ड ला होंडा रोड सुरू होतो. इथल्या सायकलवाल्यांच्या बोलण्यात हा चढ मापाचा दगड आहे. लांबी साधारण सव्वातीन मैल, चढ सुमारे १३०० फूट, म्हणजे सरासरी सात टक्क्यांच्या थोडा वर. वीस मिनिटांच्या आत चढणाऱ्याला या भागात मान आहे. आपल्यापैकी बहुतेकांना पाऊण तास लागेल आणि त्यात कमीपणा काही नाही. रस्ता इतका अरुंद की समोरासमोर आलेल्या दोन मोटारींना एकमेकींना विचारून जावे लागते, मधे पट्टा आखलेला नाही. त्यामुळे मोटारी फार येत नाहीत, आणि येतात त्या हळू. दोन्ही बाजूंना रेडवुड, खाली नेचे, सप्टेंबरच्या उन्हातही सावली. वळणे बरीच आहेत आणि प्रत्येक वळणानंतर आता संपले असे वाटते. संपत नाही. पहिल्या मैलातच जोर लावणारा माणूस तिसऱ्या मैलात सायकल हातात धरून चालताना दिसतो, हे मी व्हॅनच्या काचेतून बऱ्याचदा पाहिले आहे. हलका गिअर टाकावा, शेजाऱ्याशी बोलता येईल इतपतच दमावे. बोलणे थांबले तर वेग कमी करावा.

वर स्कायलाइन बुलेवार्ड, म्हणजे रस्ता क्रमांक ३५, ओलांडला की समोर ओल्ड ला होंडाचाच पश्चिमेकडचा भाग सुरू होतो. इथे एकदम सगळे बदलते. झाडी संपते, उघडे गवताळ उतार लागतात, आणि हवा स्वच्छ असेल तर दूर पश्चिमेला समुद्राची निळी पट्टी दिसते. मला विचाराल तर अख्ख्या सहलीतले समुद्राचे सर्वांत चांगले दर्शन हेच, आणि ते समुद्रापासून कित्येक मैल दूर आहे. पण उतारावर रस्ता खडबडीत आहे, तेव्हा देखावा बघायचा तर थांबून बघावा.

ही वाट खाली हायवे ८४ ला मिळते. तिथून ला होंडा गाव आणि मग सॅन ग्रेगोरियो ओढ्याच्या काठाने सावकाश उतरत जाणारे खोरे. या रस्त्यावर शनिवार-रविवारी मोटारसायकलवाले जोरात येतात, म्हणून इथे एकामागे एक चालावे, गप्पा बंद. खोऱ्याच्या शेवटी सॅन ग्रेगोरियोचे १८८९ मध्ये सुरू झालेले जनरल स्टोअर. गावात त्याखेरीज फारसे काही नाही. आपल्याकडे फाट्यावर एक दुकान असते आणि त्यालाच लोक गाव म्हणतात, तसेच.

इथून स्टेज रोड. हायवे १ होण्यापूर्वी किनाऱ्याने जाणाऱ्या घोडागाड्यांचा हा जुना रस्ता, नावही त्यावरूनच. पेस्काडेरोपर्यंत सात मैलांत दोन चढ आहेत. दोन्ही घाम काढणारे, पण दोन्ही ओल्ड ला होंडापुढे लहान. गाड्या जवळजवळ नाहीत, कारण घाईतल्या माणसाला शेजारी हायवे आहे. टेकड्यांवर गाई, निलगिरीची जुनी झाडे, मधेच एखादे पडके कोठार. समुद्र पलीकडेच आहे. त्याचा गार वारा लागतो, पण तो बहुतेक वाटेत दिसत नाही.

इथे कार्यकारिणीतल्या एका सभासदाचा आक्षेप मला माहीत आहे, कारण त्यांनी तो माझ्याशी बोलून दाखवला: "समुद्रकाठची सहल म्हणायची आणि समुद्र दिसायचा नाही, हे काय?" माझे उत्तर असे की सुंदर रस्ता आणि सुंदर देखावा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मोटारीत बसलेल्याला देखावा पुरतो, कारण रस्त्याचा त्रास गाडी सोसते. सायकलवाल्याचे दोन तृतीयांश लक्ष समोरच्या वीस फुटांवर आणि कानामागून येणाऱ्या आवाजावर असते. हायवे १ वर रविवारी दुपारी डाव्या कोपराशेजारून भल्यामोठ्या आरव्ही जात असताना कुणी उजवीकडचे कडे आणि लाटा बघत नाही. बघतो तो धोका पत्करतो. कायद्याने २०१४ पासून मोटारवाल्याने सायकलपासून निदान तीन फूट अंतर ठेवायचे आहे, आणि २०२३ पासून शक्य असेल तिथे लेन बदलून पुढे जायचे आहे. कायदा चांगला आहे. पण तो मिनीव्हॅनमधल्या पाहुण्याला ठाऊक असतो का, हा वेगळा प्रश्न.

याचा उलटा पुरावाही आपल्याच किनाऱ्यावर आहे. पॅसिफिका आणि मोंटाराच्या मधल्या डेव्हिल्स स्लाइडवर दरडी कोसळून हायवे १ वरचेवर बंद पडायचा. २०१३ मध्ये तिथे बोगदे सुरू झाले, आणि सव्वा मैलाचा जुना रस्ता २०१४ पासून चालणाऱ्यांना आणि सायकलींना मोकळा झाला. कडा तोच, समुद्र तोच. मोटारी गेल्यावर लोकांना तो दिसायला लागला. आता तिथे दुर्बिणीतून पक्षी बघणारी मुले असतात. ज्या जागेवरून सगळे श्वास रोखून गाडी हाकत, तिथे आजी-आजोबा रमतगमत चालतात.

आपल्या लोकांना हे निराळे सांगायला नको. पुण्याहून ताम्हिणीने किंवा वरंध्याने कोकणात उतरलेला कुणीही सांगेल की लक्षात राहतो तो घाट, त्यातले गार वळण आणि टपरीवरचा चहा. खाली समुद्र आहे या कल्पनेवर माणूस उतरत असतो. आणि कोकणच्या किनाऱ्याने सायकलवर जाणाऱ्यांना दाभोळला किंवा जयगडला खाडी आडवी येते, फेरीबोटीसाठी थांबावे लागते, आणि त्या थांबण्यातच मागे राहिलेले येऊन मिळतात. आपल्या किनाऱ्यावर तशी खाडी नाही. म्हणून थांबायची जागा आपणच योजायला हवी. फरक एकच आणि तो मोठा: सह्याद्रीत देशावरून निघालेला माणूस आधी उतरतो आणि येताना चढतो. इथे डोंगर मधे आहे, दोन्ही बाजूंनी चढ. त्यामुळे परतीचा विचार जाण्याआधी करावा लागतो.

तर परतीबद्दल. दुपारी दोननंतर पेस्काडेरोहून उत्तरेकडे हायवे १ ने कुणीही जाऊ नये. तो वायव्येचा वारा तेव्हा समोरून येतो आणि दहा मैलांना वीस मैल करतो. स्टेज रोडवाल्यांनी स्टेज रोडनेच परतावे. टेकड्यांचा आडोसा असल्याने वारा निम्मा लागतो, आणि त्यांच्या गाड्या सॅन ग्रेगोरियोलाच असल्याने काम सातच मैलांचे. डोंगरवाल्यांनी पूर्वेला लोमा मारवरून हॅस्किन्स हिल चढून ला होंडाला उतरावे, पुन्हा स्कायलाइन गाठावे आणि ८४ ने वुडसाइडला यावे. ओल्ड ला होंडाच्या पूर्वेकडच्या भागाने खाली येऊ नये. तो रस्ता चढायचा आहे, उतरायचा नाही. वळणावर समोरून येणारा दिसत नाही, आणि तिथे राहणाऱ्यांनी आपल्याला आजवर शांतपणे सहन केले आहे ते तसेच चालू राहावे. ज्यांना ही परत झेपणार नाही त्यांनी पेस्काडेरोला गाडी आणलेल्या कुणाच्या तरी रॅकवर आपली सायकल आधीच सांगून ठेवावी. आधीच, म्हणजे घरून निघण्यापूर्वी. हॅस्किन्स हिलच्या पायथ्याशी गेल्यावर फोनला रेंज नसते. ला होंडापासून पेस्काडेरोपर्यंत बऱ्याच भागात ती नसते, आणि 'कुठे आहेस' असे विचारायची सोय नाही. मोबाइलवर मार्ग बघणाऱ्यांनी तो आधी उतरवून घ्यावा, आणि एक कागदी नकाशा खिशात ठेवावा. या पत्रकाच्या झेरॉक्सवर छापला तरी चालेल.

वेळाही मागून मोजाव्यात. जेवण साडेबाराला. वुडसाइडहून पेस्काडेरो पंचवीस ते तीस मैल, मधे तो चढ आणि दोन थांबे धरून मध्यम तयारीच्या माणसाला चार तास. म्हणजे सव्वाआठला चाके हलली पाहिजेत, सव्वाआठला चहा उकळायला ठेवून नाही. ज्यांना अडीच तास लागतात त्यांनी दहाला निघावे! हे मी गंमतीने लिहीत नाही. जोरकस माणसांनी उशिरा निघून सगळ्यांबरोबर पोचण्यात त्यांचे काही जात नाही, आणि वाटेत मागे पडलेल्यांना ते आपोआप भेटत जातात, पंक्चर काढून देतात. आज ते सर्वांत पुढे असतात, म्हणजे ज्यांना त्यांची गरज आहे त्यांच्यापासून सर्वांत दूर. स्टेज रोडच्या गटाने सॅन ग्रेगोरियोहून अकराला निघावे.

तारखेबद्दल माझे मत थोडे वादग्रस्त ठरेल. जून-जुलैमध्ये शाळांना सुटी असते म्हणून सहल तेव्हा ठेवतात, पण तेच महिने किनाऱ्यावर धुक्याचे. वुडसाइडला नव्वद डिग्री आणि सॅन ग्रेगोरियोला साठाच्या खाली, हे एका दिवशी होते, आणि मुले कुडकुडतात. रेडवुडना ते धुके लागते, उन्हाळाभर ती त्याच्यावरच तगतात. आपल्याला ते नको. स्वच्छ हवा मिळते ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. पण तेव्हा आपले गणपती, नवरात्र, दिवाळी, एकही रविवार मोकळा नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर हाफ मून बेला भोपळ्यांची जत्रा असते आणि हायवे ९२ तुंबतो. तेव्हा मोकळे आणि हवा चांगली, असे दोन आठवडे उरतात ते पितृपक्षाचे. मंडळ त्या पंधरवड्यात काहीच ठेवत नाही, हॉल मोकळा, सगळे मोकळे. सायकल चालवणे हे काही मंगलकार्य नव्हे, त्यामुळे अडचण नसावी. ज्यांना असेल त्यांचा मान राखून दुसरा रविवार बघता येईल, पण बघावा सप्टेंबरातच. एक सावधगिरी: हाच काळ वणव्यांचा. २०२० च्या ऑगस्टमध्ये विजांनी लागलेल्या आगीत पेस्काडेरो, ला होंडा, लोमा मार ही सगळी गावे खाली करावी लागली होती. धूर असेल तर सहल रद्द, चर्चा नाही. आणि पाऊस सुरू झाल्यावर तर या रस्त्यांचा भरवसा धरूच नये. जानेवारी २०२३ च्या वादळात हायवे ९२ ला भगदाड पडले होते ते आठवत असेल.

विजेच्या सायकलींबद्दल मंडळात जी थट्टा चालते ती आता पुरे. 'मोटार लावली मग सायकल कसली' असे म्हणणाऱ्यांनी साठीच्या गुडघ्यांनी ओल्ड ला होंडा चढून दाखवावा. गेल्या वर्षी एक काका विजेच्या सायकलवर आले म्हणून त्यांची मोजदाद 'सहभागी'त केली नाही आणि 'पाहुण्यां'त केली, हे मला खटकले. मला वाटते यंदा चार-पाच जणांनी तरी ती भाड्याने घ्यावी. फक्त बॅटरी चढावर भराभर संपते, म्हणून पेस्काडेरोला जेवताना चार्जिंग करायला मिळेल या भरवशावर राहू नये.

मुलांच्या सरावासाठी रविवारी कॅन्याडा रोडला यावे. क्रिस्टल स्प्रिंग्जच्या तलावाशेजारचा जवळजवळ चार मैलांचा तो रस्ता बऱ्याच रविवारी काही तास मोटारींना बंद असतो. तिथे मुलांना रांगेत चालणे, हाताने खूण करणे, उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबणे शिकवता येते. हेल्मेट अठराच्या खालच्यांना कायद्याने सक्तीचे आहे. अठराच्या वरच्यांना मंडळाच्या सहलीत सक्तीचे असावे, इथे मला मतभेद नको आहेत.

खाण्याचे म्हणाल तर पॉटलक नको. किराणा दुकानामागच्या अंगणातली बाकडी त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी आहेत. तिथे आपण चाळीस जणांनी पुलावाची पातेली उघडणे बरे दिसत नाही. पाव तिथला घ्यावा, वाटेपुरते घरचे खिशात ठेवावे. खजूर उत्तम. चिक्की धापा टाकताना दातात अडकते, राजगिऱ्याच्या लाडवाचा खिशात भुगा होतो. मेतकूट भुरभुरलेला बटाटा फॉइलमध्ये गुंडाळून नेला तर मीठही मिळते. पाण्याच्या एका बाटलीत लिंबू, साखर, मीठ घालून आणावे. ओल्ड ला होंडाच्या माथ्यावर पाणी मिळत नाही, तेव्हा दोन बाटल्या.

हायवे १ आवडणाऱ्यांसाठी हाफ मून बे ते सांताक्रूझची वेगळी सहल जरूर करावी, मे महिन्यात, आठ-दहा जणांची, त्यांनी आपापल्या गाड्या आपणच आणाव्यात. तिला माझा विरोध नाही. मंडळाची म्हणून जी सहल होते, जिचा खर्च वर्गणीतून निघतो, ती मात्र पेस्काडेरोची व्हावी.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा अशी विनंती. स्टेज रोडच्या गटाला घेऊन जायची जबाबदारी मी घ्यायला तयार आहे, आणि त्या तेरा वर्षांच्या मुलीशी मी बोलले आहे. ती 'बघते' म्हणाली. व्हॅन चालवणाऱ्यांच्या यादीत माझ्या नावापुढे यंदा काट मारावी.